हेलिकॉप्टर येईल, पण उतरेल कुठं? खान्देशातल्या तीन जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार

सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातला शेतकरी. केळी आणि कापूस. त्याआधी वीस वर्षं हवाई दलात होतो, त्यातली बहुतेक हेलिकॉप्टर युनिटमध्ये. पायलट नव्हतो हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात आजही मला ‘इमान चालवणारा’, म्हणजे विमान चालवणारा, म्हणतात आणि ते खोडता खोडता मी थकलो. सुरुवातीला एअरफ्रेम फिटर होतो, पुढं फ्लाइट गनर झालो. नावात बंदूक असली तरी माझे हात जास्त चालले ते विंचवर, म्हणजे दारावरच्या दोर सोडणाऱ्या-ओढणाऱ्या यंत्रावर. उघड्या दारात पालथं पडायचं, खाली दोरावर माणूस सोडायचा, वर दोरावर माणूस ओढायचा.

दर पावसाळ्यात पेपरात एक ओळ येते : ‘हेलिकॉप्टरची मागणी करण्यात आली आहे.’ ती वाचली की लोकांना हायसं वाटतं. मला त्या ओळीपुढचे प्रश्न दिसायला लागतात. मागणी किती वाजता गेली? कुणी केली? कोणत्या ठिकाणासाठी केली, म्हणजे नकाशावर नेमक्या कोणत्या बिंदूसाठी? तिथं उतरायला जागा आहे का, की विंच लागणार? तारा कुठून गेल्यात? जखमीला उचलून त्या जागेपर्यंत कोण आणणार? या प्रश्नांची उत्तरं तुमच्या कार्यालयात जूनच्या आधी लिहिलेली असतील तर हे पत्र इथंच बाजूला ठेवावं. नसतील तर थोडा वेळ द्यावा, ही विनंती.

१६ जुलै २०२१ ची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. आमच्याच तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या पायथ्याला प्रशिक्षणाचं एक छोटं विमान कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेले, शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. रस्ता नाही, चिखल आणि चढउतार. पहिले पोचले ते आसपासचे आदिवासी आणि गावकरी. त्या मुलीला उचलून न्यायला स्ट्रेचर नव्हतं. एका भिल्ल बाईनं अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी केली, बांबूला बांधली आणि गड्यांनी ती मुलगी खाली आणली. देशभरच्या बातम्यांत आलं ते. बातम्यांनी त्या बाईचं कौतुक केलं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण मी ते वाचताना माझ्या जुन्या कामाच्या नजरेनं वाचत होतो. वीस वर्षं आम्ही जे करायला उडत होतो त्याचा अवघड अर्धा भाग त्या लोकांनी तासाभराच्या सूचनेशिवाय करून दाखवला होता. जखमी शोधला, हलवता येईल असा बांधला, मोकळ्यावर आणला. यात कमी होतं ते फक्त वरून येणारं यंत्र, आणि ते कुठं यावं हे सांगणारा कागद.

माझं म्हणणं एवढंच आहे. लष्कराचं हेलिकॉप्टर हा बचावाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा जमिनीवर असतो, आणि तो पुराच्या दिवशी तयार करता येत नाही.

हे मी म्हणतो म्हणून नाही; या कामाचा सगळा इतिहास तेच सांगतो. लढाईत हेलिकॉप्टरनं माणसं वाचवण्याची पहिली गोष्ट आपल्या देशातून जाते, हे फार लोकांना ठाऊक नसतं. एप्रिल १९४४. आसामात सिल्चरजवळ लालाघाट नावाच्या धावपट्टीवर अमेरिकनांची हवाई तुकडी होती. ब्रह्मदेशात जपानी आघाडीच्या मागं त्यांचं एक छोटं विमान पडलं. एक पायलट आणि तीन जखमी ब्रिटिश शिपाई जंगलात अडकले. कार्टर हार्मन नावाचा लेफ्टनंट सिकॉर्स्की वायआर-४ घेऊन टप्प्याटप्प्यानं तिथवर गेला. त्या यंत्रात पायलट सोडून एकच माणूस बसायचा, म्हणून चार माणसांसाठी चार खेपा. त्यात एप्रिलचा उकाडा. इंजिन एवढं तापलं की मधेच थांबून रात्र काढावी लागली आणि उरलेली माणसं दुसऱ्या दिवशी आली. पण यात जमिनीवरच्यांचा भाग होता तो नदीकाठचा वाळूचा पट्टा. जखमींना जंगलातून तिथवर आणलं गेलं नसतं तर हार्मन वर घिरट्या घालून परत गेला असता.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९४५ मध्ये, अमेरिकेच्या किनाऱ्यावर वादळात फुटलेल्या एका बार्जवरून दोन माणसांना दोरानं वर ओढलं, तो विंचचा पहिला खरा बचाव. तिथून पुढं जगभर लष्करांनी यासाठी स्वतंत्र युनिटं उभी केली. मूळ हेतू आपलाच पडलेला पायलट उचलून आणण्याचा. मग लक्षात आलं की पायलटपेक्षा कोळी, गिर्यारोहक आणि पुरात सापडलेले लोकच जास्त उचलावे लागतात. ब्रिटनमध्ये हवाई दलाची पिवळी हेलिकॉप्टरं नुसती वाट बघत उभी असायची : दिवसा हाक आली की १५ मिनिटांत हवेत, रात्री ४५ मिनिटांत. २०१५ मध्ये त्यांनी ते काम लष्कराकडून काढून किनारा सुरक्षा खात्यामार्फत कंत्राटदाराला दिलं. बरं केलं की वाईट, यावर तिथं अजून भांडतात. आपल्याला त्यातलं घ्यायचं ते ते १५ मिनिटांचं घड्याळ. ते यंत्राचं घड्याळ नव्हे. कुणी हाक मारायची, कुणी उचलायची आणि कुणी ‘निघा’ म्हणायचं हे आधी ठरल्याचं घड्याळ.

आपल्याकडे भारतीय हवाई दलात हेलिकॉप्टर आलं १९५४ साली, सिकॉर्स्की एस-५५. त्यातूनच १०४ हेलिकॉप्टर युनिट उभं राहिलं. मग रशियाचं एमआय-४, फ्रान्सचं मूळ असलेलं आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं इथं बांधलेलं चेतक, उंच डोंगरासाठी चीता, १९७० च्या दशकात एमआय-८, ऐंशीच्या दशकात एमआय-१७, आणि २००२ पासून आपलं स्वतःचं ध्रुव. लष्कराचं वेगळं आर्मी एव्हिएशन कोअर १ नोव्हेंबर १९८६ ला झालं, आणि त्यांच्या पायलटांची शाळा आपल्या शेजारी नाशिकलाच आहे. नाशिक रोडवरून जाताना डोक्यावर घिरट्या घालणारं चीता दिसतं ना, तीच पोरं. म्हणजे सियाचिनवर उतरणारे हात आपल्या दाराशी तयार होतात.

सियाचिनचा विषय निघालाच तर सांगतो. लेहचं ११४ युनिट तिथं चीता उडवतं. तिथली हेलिपॅडं बघितली की आपल्या अंगणातला ओटाही मोठा वाटतो. बर्फ दाबून, सपाट करून ती जवान हातानं बनवतात आणि बर्फ सरकला की पुन्हा बनवतात. पायलटचं नाव होतं, पदक होतं. हेलिपॅड ठेचणाऱ्या जवानाचं नाव कुणी विचारत नाही. पण ते पॅड नसेल तर वर कुणी येत नाही. आम्हा हेलिकॉप्टरवाल्यांचं ब्रीद ‘आपत्सु मित्रम्’. मित्राला बोलवायचं तर घरात बसायला जागा करावी लागते.

आता थोडं यंत्राबद्दल. लोकांना वाटतं हेलिकॉप्टर कुठंही थांबतं, हवेत उभं राहतं आणि दोर सोडतं. राहतं, पण हवेत उभं राहणं हेच त्याचं सगळ्यात कष्टाचं काम. पुढं उडताना त्याला हवेचा आधार मिळतो. एका जागी थांबलं की सगळं वजन नुसत्या इंजिनाच्या ताकदीवर. त्यात हवा तापली की ती विरळ होते, पंख्याच्या तावडीत कमी सापडते. उंची वाढली की तेच. मे महिन्यात भुसावळला ४५ अंश असतात तेव्हा जे यंत्र हिवाळ्यात दहा माणसं सहज उचलतं त्याला पाच-सहाच घ्यावी लागतील, असंही होतं. आमचं ऊन माणसाला लागतं तसं पंख्यालाही लागतं. पावसाळ्यात ऊन नसतं, पण तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे, आणि तिथं पाऊस-ढग एकदा बसले की समोरचा कडा दिसत नाही. पायलट परत फिरला तर तो घाबरला असं समजू नका. ढगात डोंगर लपलेला असतो.

म्हणून पहिला हिशोब वजनाचा. उतरता आलं तर एका खेपेत बरीच माणसं येतात, इंधन वाचतं, वेळ वाचतो. उतरता आलं नाही तर विंच, म्हणजे एका वेळी एक किंवा दोन, आणि प्रत्येकासाठी ते कष्टाचं थांबणं. त्या वेळी पायलटला खालचा माणूस दिसत नाही, तो त्याच्या पोटाखाली असतो. दारात पडलेला माझ्यासारखा माणूस बोलत राहतो : ‘पुढे दोन, पुढे एक, थांब, उजवीकडे एक.’ पायलट त्या आवाजावर उडवतो. मी थांबलो की तो आंधळा. हे काम मी केलंय म्हणून सांगतो, विंच ही शेवटची युक्ती आहे, पहिली नव्हे. ज्या गावाला उतरायला जागा आहे त्या गावाला विंचची गरज निम्म्यानं कमी होते.

या कामाचा आपल्या देशातला नमुना म्हणजे ऑक्टोबर १९९२ चं परवाणू. हिमाचलच्या पायथ्याशी टिंबर ट्रेल नावाच्या रोपवेचा ओढदोर तुटला आणि डबा दरीवर सुमारे १,३०० फुटांवर लटकून राहिला. सरसावाच्या १५२ हेलिकॉप्टर युनिटचं एमआय-१७ बोलावलं. ग्रुप कॅप्टन फली होमी मेजर चालवत होते, आणि दोरावर खाली गेले ते पॅरा कमांडो मेजर इव्हान क्रास्टो. डब्याच्या वर रोपवेचे दोर, त्यावर हेलिकॉप्टर, आणि मधून विंचचा दोर डोलतोय. तो एकदा अडकला असता तर सगळेच गेले असते. काही जण संध्याकाळी निघाले, अंधार पडला, उरलेल्यांसोबत क्रास्टो रात्रभर त्या डब्यातच थांबले, सकाळी बाकीचे काढले. दहा जण जिवंत घरी गेले. क्रास्टोंना कीर्तिचक्र मिळालं, फली मेजर पुढं २००७ मध्ये हवाई दलप्रमुख झाले. हेलिकॉप्टर उडवणारा पहिलाच प्रमुख. आम्हा सगळ्यांची कॉलर तेव्हा ताठ झाली होती, ती अजून पूर्ण खाली आलेली नाही.

पण याच कामाची दुसरी बाजूही आहे. जून २०१३, केदारनाथचा महापूर. मी तेव्हा उत्तराखंडात गौचरच्या धावपट्टीवर होतो, नोकरीची शेवटची वर्षं. ढगांमधली एखादी खिडकी उघडली की जायचं, बंद व्हायच्या आत यायचं. हवाई दलानं त्या महिन्यात हजारो माणसं उचलली. २५ जूनला केदारनाथला चितेसाठी लाकूड टाकून परत येणारं एक एमआय-१७ गौरीकुंडजवळ डोंगरावर आदळलं. हवाई दलाचे पाच, एनडीआरएफ म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे नऊ आणि आयटीबीपी म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांचे सहा, सगळे वीस गेले. विंग कमांडर डॅरिल कॅस्टेलिनो त्याचे कप्तान होते. त्या संध्याकाळी गौचरला कुणी जेवलं नाही, आणि दुसऱ्या सकाळी पहिलं हेलिकॉप्टर वेळेवर उडालं. याहून जास्त त्याबद्दल मला लिहिता येत नाही. एवढंच सांगतो, कुणी ‘हेलिकॉप्टर का नाही आलं’ असं चॅनेलवर ओरडतं तेव्हा मला ते वीस आठवतात.

आता आपल्या मुलखाकडे येतो. तापी आणि गिरणेकाठचा पूर वेगळा, सातपुड्यातली अडचण वेगळी. दोन्हींना एकच आराखडा लावून चालणार नाही.

खालच्या सपाटीत पाणी चढतं ते सांगून चढतं. हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की खाली प्रकाशापर्यंत लोकांना हिशोब करता येतो. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावला मात्र सांगायला वेळच मिळाला नाही. रात्रीत तितूर आणि डोंगरी नद्या गावात शिरल्या आणि कन्नड घाटात दरडी येऊन रस्ता बंद पडला. घाट बंद म्हणजे संभाजीनगरकडून येणारी मदत बंद. अशा वेळी लोक छतावर जातात. आणि इथं आमची पहिली अडचण. एकदा एका दूरच्या राज्यात पुरावर गेलो होतो. हाक एका घरातून आली होती, दोन लहान मुलं आणि एक म्हातारी. वर पोचलो तर शंभर छतांवर माणसं, सगळे कपडे हलवताहेत. काही मदत मागत होते, काही नुसता टाटा करत होते. वीस मिनिटं आम्ही त्या घराच्या शोधात घिरट्या घातल्या. वीस मिनिटांचं इंधन म्हणजे किती माणसं, हा हिशोब मी आजवर करत नाही.

तुम्ही शाळेत एवढं शिकवा : मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, इंग्रजी ‘वाय’ सारखे. नको असेल तर एक हात वर, एक खाली. जगभर हीच खूण आहे. छतावर मोठ्या रंगीत कापडानं खूण करा, नाहीतर आरशानं ऊन चमकवा. आणि ज्याला मदत नको त्यानं कृपा करून हात हलवू नये, मोबाइलवर व्हिडिओ तर नाहीच नाही.

सातपुड्यात उलट. तिथं लोक दिसतच नाहीत. धडगाव, अक्कलकुवा, इकडे यावल-रावेरच्या वरची टोकं. पाडा डोंगराच्या कुशीत, चार घरं इथं, सहा तिथं, आणि एकाच नावाचे दोन-तीन पाडे. नर्मदेकाठी सरदार सरोवराच्या पाण्यानं रस्ते गिळले, म्हणून तिथं तरंगता दवाखाना सुरू करावा लागला. १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, भुषाजवळ खचाखच भरलेली होडी उलटली आणि माणसं गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड आली, गाडी पुढं जाईना, म्हणून एका माणसानं आजारी बायकोला खांद्यावर घेतलं. तिनं वाटेतच प्राण सोडला. बाळंतीण झोळीत, सर्पदंश झोळीत, पडलेला म्हातारा झोळीत. पेपरवाल्यांनी त्याला ‘बांबूलन्स’ असं नाव दिलंय. नाव गमतीचं आहे, उचलणाऱ्याला गंमत वाटत नाही.

इथं एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो, नाहीतर हे पत्र वाचून कुणी उद्या प्रत्येक बाळंतपणाला एमआय-१७ मागेल. लष्करी हेलिकॉप्टर ही रुग्णवाहिका नव्हे. पाड्याला हवा असतो तो रस्ता, पूल आणि आरोग्य केंद्रात रात्री हजर असलेला डॉक्टर. ते नसल्याचं पाप हेलिकॉप्टरनं धुऊन निघत नाही. पण दरड येते, पूल वाहून जातो, बस दरीत जाते, अस्तंब्याच्या यात्रेत हजारो माणसं एकाच डोंगरावर असतात. त्या दिवशी हेलिकॉप्टर लागेल आणि त्या दिवशीच लागेल. १७ ऑगस्ट २०१८ ला केरळच्या पुरात नौदलानं एका बाळंतपणाच्या वेळेला आलेल्या बाईला छतावरून विंचनं उचललं; आधी डॉक्टरला दोरानं खाली सोडून तिला तपासलं, मग वर घेतलं, आणि त्याच दिवशी तिला मुलगा झाला. ते चित्र देशानं पाहिलं. धडगावच्या एखाद्या पाड्यावर तसा प्रसंग आला तर पहिला प्रश्न पडेल, पाडा कोणता?

अंतराचाही विचार करा. नाशिकहून धडगाव सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास. ताशी दोनशेच्या वेगानं तासभर, आणि तेवढाच परतीचा. मधे शोधायला वीस मिनिटं गेली तर विंचला काय उरणार? जळगावला विमानतळ आहे, धुळ्याला गोंदूर, शिरपूरलाही धावपट्टी. पुराच्या दिवशी तिथं हेलिकॉप्टरचं इंधन किती, कुणाकडे आणि रात्री अकरा वाजता कुलूप कोण उघडणार, हे एका कागदावर हवं. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळ्यातच आहे. हेलिकॉप्टरवाले आणि ते एकमेकांना पहिल्यांदा पुराच्या पाण्यात भेटू नयेत, एवढीच अपेक्षा.

जागांचं म्हणाल तर खान्देशात जागा नाही असं कुणी सांगू नये. निवडणूक आली की बघा. सभेला येणाऱ्या पाहुण्यासाठी दोन दिवसांत हेलिपॅड होतं. बांधकाम खातं येतं, खडी टाकतं, चुन्यानं गोल आखून मधे एच काढतं, धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारतं, लाल-पांढरा वाऱ्याचा मोजा काठीवर चढवतं, अग्निशमनाचा बंब उभा करतं. सगळं अगदी नियमानं. सभा झाली की तिथं पुन्हा हरभरा पेरतात. मला राग त्या पाहुण्याचा नाही. राग याचा, की ती जागा अक्षांश-रेखांशासह कुणी वहीत उतरवून ठेवत नाही. दहा वर्षांत तीन जिल्ह्यांत मिळून अशा जागा कितीतरी झाल्या असतील! प्रत्येक तहसीलला त्याची फाइल असेल, बिलं असतील. त्या फाइली काढा. आराखडा अर्धा तिथंच तयार आहे.

उरलेल्या जागा पाड्यांनी दाखवायच्या. शाळेचं मैदान, यात्रेची जागा, खळं. जागा किती हवी? एमआय-१७ चा पंखा २१ मीटरच्या आसपास, म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त मोकळं, उतार फार नसलेलं, जमीन घट्ट. आणि तारा! पायलटला उंचावरून खांब दिसतो, तार दिसत नाही. आमच्याकडे विहिरीवर, बोअरवर, गोठ्यावर आडव्यातिडव्या तारा ओढलेल्या असतात. जागेच्या वहीत सगळ्यात मोठ्या अक्षरात तारांची दिशा लिहा. शिक्षक, तलाठी, पोलीस पाटील, ज्याच्या हातात मोबाइल आहे तो जागेवर उभा राहून बिंदू घेऊ शकतो. ‘वडाच्या झाडाजवळ’ हा पत्ता एसटीला चालतो, आम्हाला नाही. धडगावात मोबाइलला रेंज नसलेले पाडे आहेत. तिथून निरोप कसा निघणार, वायरलेस की सॅटेलाइट फोन, हेही त्याच पानावर.

आणि एक विनंती वेळेची. मागणी जिल्ह्यातून मंत्रालयात, तिथून लष्कराकडे जाते हे मला माहीत आहे, कायदाही तसाच आहे. पण ती पहिल्या तासात जावी. ‘आधी बोटीनं बघू, एनडीआरएफ येतंय, मग ठरवू’ असं म्हणत दुपारचे चार वाजतात. हेलिकॉप्टरला दिवसाचा उजेड लागतो. रात्री डोंगरात विंच करणं फार थोड्यांच्या हातात आहे. नको पडलं तर परत पाठवता येतं. सकाळी सातला मागितलेलं हेलिकॉप्टर परत पाठवलं म्हणून कुणी तुमच्यावर चिडणार नाही. संध्याकाळी साडेपाचला मागितलेलं मात्र सकाळीच येतं.

मागच्या पावसाळ्याआधी आमच्या वरच्या एका पाड्यावर मी पोरांना हे सगळं सांगत बसलो होतो. एक म्हातारा बाजूला बिडी ओढत ऐकत होता. म्हणाला, ‘भाऊ, ते इमान अठे उतरी का?’ मी म्हटलं, उतरेल, पण जागा आपल्याला ठेवावी लागेल. त्यानं खळ्याकडे बघितलं, काठीनं दोन दगड दाखवले आणि नातवाला म्हणाला ते काढ. पोरानं काढले. त्या खळ्याचा बिंदू माझ्या वहीत आहे. तालुक्यातल्या अशा अकरा जागा मी स्वतः फिरून लिहिल्यात, तारांसकट. त्या तुमच्या कार्यालयाला द्यायला मी केव्हाही येईन. कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र सकाळी नको.

आपला,
एक निवृत्त फ्लाइट गनर
चोपडा तालुका

ता. क. सरावाच्या दिवशी पाड्यावर सांगायच्या चार गोष्टी इथंच लिहितो, मागाहून विसरायला होतं. दोर खाली आला की त्याचा आकडा आधी जमिनीला टेकू द्यायचा, मगच हात लावायचा. हवेत घासून त्यात वीज साठलेली असते आणि चांगला झटका बसतो. दोर कशालाही बांधायचा नाही, खाटेला नाही, झाडाला तर अजिबात नाही. हेलिकॉप्टर उतरलं तर पुढूनच जायचं, पायलटला दिसत असताना, वाकून; शेपटीकडे कुणी जायचं नाही, तिथला पंखा फिरताना दिसत नाही. उतारावर असेल तर खालच्या बाजूनं जवळ यायचं. टोपी, रुमाल, पदर खोचलेला हवा. आणि केळीवाल्यांनो, आसपासचा मल्चिंगचा कागद, ठिबकच्या सुट्या नळ्या आणि गोठ्यावरचे सैल पत्रे आधी दाबून ठेवा. पंख्याच्या वाऱ्यानं एक पत्रा उडाला तर वाचवायला आलेल्यांनाच वाचवायची पाळी येईल.